डाळिंबावरील शॉट होल बोरर

शॉट होल बोरर हा डाळिंबाचे खोड पोखरणारा, जेमतेम दोन-अडीच मिलिमीटर लांबीचा काळपट भुंगेरा असून, सांगलीच्या आटपाडी-जत आणि साताऱ्याच्या माण-खटाव या कमी पावसाच्या पट्ट्यातील बागायतदार त्याला पिनहोल बोरर किंवा नुसते खोडकिडा म्हणतात. त्याला सोंड नसली, तरी वर्गीकरणात तो सोंड्या भुंगेऱ्यांच्याच कर्क्युलिओनिडी कुळात, स्कोलिटिनी उपकुळात मोडतो. १८६८ मध्ये आइखहॉफ याने श्रीलंकेतील नमुन्यांवरून त्याचे वर्णन केले. जुन्या शेतीविषयक लेखनातील झायलेबोरस फॉर्निकेटस या नावाऐवजी आता युवालेशिया फॉर्निकेटस हे नाव रूढ असून, या नावाखाली एकाहून अधिक जवळच्या जाती एकत्र गणल्या जात होत्या, हे अलीकडे स्पष्ट झाले आहे.

हा कीटक लाकूड कोरतो, पण लाकडावर जगत नाही. मादी आपल्या मुखाजवळच्या सूक्ष्म पिशव्यांतून फ्युजेरियम बुरशी सोबत आणते, खोडात बोगदा कोरून त्याच्या भिंतींवर ती वाढवते, आणि अळ्या व प्रौढ भुंगेरे तीच बुरशी खातात. नर आकाराने लहान असतो, त्याला उडता येत नाही, त्यामुळे बहुतेक माद्यांचे मीलन जन्मलेल्या बोगद्यातच भावांशी होते. बाहेर पडणारी एकटी मादीही म्हणूनच नवे झाड धरू शकते.

प्रादुर्भाव जमिनीलगतच्या खोडावर प्रथम दिसतो. टाचणीच्या डोक्याएवढी गोल छिद्रे पडतात, त्यांतून बारीक पांढरट भुसा बाहेर येतो आणि पुढे पाने पिवळी पडून फांदी, कधी अख्खे झाड वाळते. सेराटोसिस्टिस बुरशीमुळे होणारा मर रोगही अशीच लक्षणे दाखवतो व बऱ्याच बागांत दोन्ही एकत्र आढळतात, त्यामुळे खोड उभे चिरून पाहिल्याशिवाय निदान करू नये.

चहा, एरंड आणि आव्होकॅडो ही या गटाची इतर महत्त्वाची यजमान झाडे होत. किडीचा मुक्काम खोडाच्या आत असल्याने पानांवरील फवारणीचा उपयोग फारसा होत नाही. गेरूत कीटकनाशक व ताम्रयुक्त बुरशीनाशक कालवून खोडाला लेप देणे, बहार धरताना (फुलोरा आणण्यासाठी पाणी तोडताना) पाण्याचा अतिरेकी ताण टाळणे आणि खोडाशी पाणी साचू न देणे हे उपाय त्यामानाने उपयोगी आहेत. उपटलेली झाडे सरपणासाठी बांधावर रचून ठेवल्यास त्यांतून भुंगेरे बाहेर पडतच राहतात. ती त्वरित जाळावीत आणि बांधावर एरंड असल्यास त्याचीही खोडे तपासावीत.