माळावरची झाडतोड आकड्यात का येत नाही

इंग्रजी अमदानीत शेतसारा न देणारी जमीन पडीक ठरली आणि सोलापूर-पुण्याकडची माळरानं त्या खात्यात गेली. उपग्रह आले तरी खातं तेच राहिलं. २००० साली उपग्रहचित्रांवरून देशातल्या पडीक जमिनींचा नकाशासंग्रह निघाला, त्यात झुडपी आणि चराऊ जमिनी पुन्हा त्याच रकान्यात बसल्या.

वनाच्छादनाचा पहिला देशव्यापी अहवाल १९८७चा. चित्रं १९८१ ते ८३ची, ८० मीटरची (म्हणजे चित्रातला एक ठिपका जमिनीवर ८० मीटर रुंद), नजरेनं वाचलेली. ४०० हेक्टरांहून लहान तुकडा नकाशावर यायचाच नाही. २००१च्या अहवालापासून २३.५ मीटरची स्वदेशी चित्रं, संगणकावर वर्गीकरण आणि एक हेक्टरपर्यंतची नोंद आली.

खरा घोळ दहा टक्क्यांचा. एक हेक्टर जमिनीवर झाडांच्या छत्रीची सावली दहा टक्के भरली की ते वन, मग ती आमराई असो की लागवड. त्याखाली ते झुडपी रान, वनाच्छादनात न धरलेलं. आता माळावरचं हिवराचं झाड घ्या, छत्री पाच मीटर व्यासाची. एक झाड साधारण २० चौरस मीटर झाकतं. हेक्टरी ४५ हिवर असले तरी बेरीज नऊ टक्क्यांच्या आत. उद्या सगळे तोडले, तरी वनाच्छादनाचा आकडा जागचा हलत नाही. उलट तिथलं गवत उखडून ग्लिरिसिडिया हे परदेशी झाड दाट लावलं, तर काही वर्षांत जंगल ‘वाढतं’. सोलापूरकडे गवताळ माळावर अशी लागवड झालीही आहे, तीही माळढोकाच्या मुलखात! याला तांत्रिक मर्यादा म्हणणं जरा सोयीचं वाटतं. उंबरठा माणसांनीच ठरवला आहे.

तांत्रिक अडचण आहेच, पण वेगळी. या अहवालासाठी चित्रं घेतात ऑक्टोबर ते डिसेंबरमधली: ढग नसतात, पानगळ व्हायची असते. मात्र पाऊस लांबला तर माळावरचं गवतही तेव्हा हिरवं असतं, आणि २३.५ मीटरच्या एका ठिपक्यात हिवराचा वाटा चार टक्क्यांहून कमी. गवत वाळल्यावर मार्च-एप्रिलमध्ये उरते ती हिरवळ बहुतेक झाडांचीच. २०१५पासून दहा मीटरची युरोपीय चित्रं फुकट मिळू लागल्यावर असे ऋतुवार ताळे घेणं सोपं झालं.

२०२४मध्ये तीन ते पाच मीटरच्या चित्रांवरून शेतातली झाडं एकेक करून मोजणारा अभ्यास आला. २०१८ ते २०२२ या काळात देशभरातली ५० लाखांहून अधिक मोठी झाडं नाहीशी झाल्याचं त्यात निघालं. वनाच्छादनाच्या २०२३च्या अहवालातही उंबरठा दहा टक्केच आहे.