भरतपूरचे पाणी : केवलादेव पक्षी अभयारण्याची पार्श्वभूमी

राजस्थानातील भरतपूरजवळचे केवलादेव राष्ट्रीय उद्यान अनेकांना निसर्गनिर्मित वाटते. प्रत्यक्षात ते पुराचे पाणी अडवून आणि वळवून माणसाने घडवलेले आहे. गंभीर आणि बाणगंगा या नद्यांच्या संगमाजवळचा हा प्रदेश मुळात सखल. पावसाळ्यात तेथे पूर पसरे आणि शहरालाही त्याची झळ बसे. 18व्या शतकात जाट राजा सूरजमल याने अजान बांध घातला. पुढे 19व्या शतकाच्या अखेरीस संस्थानाने छोटे बांध व मोऱ्या बांधून त्यातले पाणी या खोलगट भागात खेळवले, ते शिकारीसाठी बदके यावीत म्हणून.

12 नोव्हेंबर 1938 रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या शिकारीत एका दिवसात 4,273 पक्षी मारले गेले. तो आकडा तेथील शिलालेखावर अजूनही अभिमानाने कोरलेला दिसतो.

स्वातंत्र्यानंतर डॉ. सालिम अली यांच्यासारख्यांच्या प्रयत्नांनी या जागेला संरक्षण मिळाले. 1981 मध्ये ती महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत गेली, 1982 मध्ये राष्ट्रीय उद्यान झाली आणि 1985 मध्ये जागतिक वारसास्थळ. मात्र राष्ट्रीय उद्यान होताच गुरे चारण्यास बंदी आली, गावकऱ्यांनी विरोध केला आणि त्याच वर्षी पोलिसांच्या गोळीबारात काही जणांचा जीव गेला. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या दीर्घ अभ्यासातून पुढे दिसले, की म्हशी बाहेर गेल्यावर पास्पॅलम हे गवत बेसुमार माजले आणि उघडे पाणी कमी झाल्याने पक्ष्यांचीच गैरसोय झाली. म्हशींना शत्रू ठरवणारा तो निर्णय, माझ्या मते, जागेचा इतिहास न वाचता घेतलेला होता.

त्यानंतरचे संकट पाण्याचे. बाणगंगेचा प्रवाह आटला आणि गंभीर नदीवर करौली जिल्ह्यात पांचना धरण झाल्यावर तेथील शेतकऱ्यांनी उद्यानासाठी पाणी सोडण्यास विरोध केला. सायबेरियन क्रौंच तर याआधीच, 2002 नंतर, दिसेनासे झाले होते. अर्थात त्यांच्या लांबच्या प्रवासमार्गावरील शिकारीचाही त्यात मोठा वाटा मानला जातो. आता गोवर्धन नाल्यातून आणि चंबळ नदीवरून नळाने पाणी आणले जाते. पण नळाच्या पाण्यासोबत पुराबरोबर येणारे मासे आणि वनस्पती येत नाहीत, आणि चित्रबलाकांची, म्हणजे रंगीत करकोच्यांची, वसाहत तर त्या माशांवरच पोसली जाते.