दोन बाइटांचा घोळ

यंत्र चालू केल्यावर लिनक्स उठायच्या आधी जो लोगो झळकतो, त्याला स्प्लॅश स्क्रीन म्हणतात. तो दाखवतो बूटलोडर, म्हणजे लिनक्सला मेमरीत आणून सुरू करणारा छोटा प्रोग्राम. छोट्या बोर्डांवर बऱ्याचदा यू-बूट. त्याला चित्र लागतं ते जुन्या, साध्या बीएमपी प्रकारच्या फाइलमधलं, कारण ते उलगडायला फारसा कोड लागत नाही.

माझ्या बोर्डावर मात्र लोगोच्या जागी काळोख. सिरियल कन्सोलवर, म्हणजे तारेने जोडलेल्या लॅपटॉपवर बोर्डाचे संदेश दाखवणाऱ्या खिडकीत, ‘डेटा अ‍ॅबॉर्ट’ (मेमरी वाचताना चूक) असं उमटायचं आणि बोर्ड पुन्हा पहिल्यापासून सुरू. तीच फाइल लॅपटॉपवर झकास उघडत होती, म्हणून दोन दिवस मी डिस्प्लेची केबल आणि ड्रायव्हर यांनाच शिव्या घातल्या.

दोष होता पत्त्यात, म्हणजे फाइल मेमरीत जिथे ठेवली त्या जागेच्या क्रमांकात. बीएमपीची सुरुवात ‘बी’ आणि ‘एम’ या २ अक्षरांनी होते. मेमरीतला मजकूर जसाच्या तसा छापून बघितला तर ते सोळा-आधारी आकड्यांत ४२ ४डी असे दिसतात. या २ बाइटांमुळे पुढचे ४ बाइटांचे आकडे सरकतात. शून्यापासून मोजलं तर चित्राची रुंदी १८व्या बाइटपासून सुरू होते आणि १८ला ४ने भाग जात नाही. काही प्रोसेसर मात्र ४ बाइटांचा आकडा ४च्या पटीतल्या पत्त्यावरूनच उचलतात. नाहीतर सरळ हात वर करतात. मी चित्र ठेवलं होतं छान गोल पत्त्यावर, शेवटी शून्यच शून्य. शेवटच्या शून्याचा २ केला, रुंदी २०व्या घरात गेली आणि लोगो उगवला! यू-बूटच्या माहितीपत्रकात ही सूचना आहे. वाचतो कोण?

चित्र दिसतं पण बिघडलेलं असेल, तर काम सोपं, कारण बिघाड स्वतःच पत्ता सांगतो. लाल-निळ्याची अदलाबदल झाली असेल तर रंगांचा क्रम बघा: २४ बिटी बीएमपीत (दर पिक्सेलला ३ बाइट) निळा, हिरवा, लाल असा क्रम असतो. चित्र तिरकं, फाटल्यासारखं दिसलं तर ओळीची लांबी चुकतेय. बीएमपीतली प्रत्येक ओळ ४च्या पटीत भरावी लागते. ७९९ पिक्सेलची ओळ २३९७ बाइटांची, पण फाइलमध्ये ती २४०० घेते. ते ३ रिकामे बाइट कुणी मोजले नाहीत तर प्रत्येक ओळ थोडी थोडी सरकत जाते. चित्र उलटं दिसलं तर लक्षात ठेवा, बीएमपीत सहसा तळाची ओळ आधी असते.

२५६ रंगांच्या चित्रात रंग भलतेच आले तर हेडर, म्हणजे फाइलच्या सुरुवातीचा माहितीचा भाग, तपासा. साधं हेडर १४ अधिक ४० बाइटांचं. गिंपसारखे चित्रं बनवायचे प्रोग्राम रंगांची जादा माहिती घालून ते लांबवतात आणि जुने यू-बूट रंगतक्ता (चित्रातल्या रंगांची यादी) ठरलेल्या जागीच शोधतात. गिंपमध्ये ही माहिती न लिहिण्याचा पर्याय असतो; तो निवडायचा.

केबलला हात लावण्याआधी कन्सोलवर ‘बीएमपी इन्फो’ ही आज्ञा द्या. रुंदी, उंची आणि दर पिक्सेलचे बिट बरोबर आले तर फाइल मेमरीत नीट पोचली आहे. मग बॅकलाइट (पडद्यामागचा दिवा), पॅनेलचं टायमिंग (पडद्याला चित्र पाठवण्याचा वेग) यांच्याकडे वळा.

लोगो येतो आणि क्षणात जातो, पडदा काळा होतो, अशी तक्रार बरीच ऐकू येते. तिथे बहुतेक वेळा बूटलोडरचा दोष नसतो. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, उठतो आणि डिस्प्ले नव्याने सुरू करतो, त्या फटीत चित्र पुसलं जातं. यू-बूटने आखलेली फ्रेमबफरची (पडद्यावरचं चित्र असलेल्या मेमरीची) जागा डिव्हाइस ट्रीमधून, म्हणजे बोर्डावरच्या भागांच्या यादीतून, कर्नलला कळवली तर ही फट बरीच बुजते. तेव्हा बीएमपी फाइल पुन्हा पुन्हा तपासत बसू नका. ती आपलं काम करून केव्हाच मोकळी झालेली असते.