दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेआधी पेटीतला सराव

उसाच्या मोळ्या वाहणारे मजूर असोत किंवा शिरोलीच्या फाउंड्रीत वजने उचलणारे कामगार, जांघेतला हर्निया घेऊन कोल्हापुरातल्या रुग्णालयांत येणाऱ्यांना लवकर कामावर परतायचे असते, म्हणून ते ‘दुर्बिणीतून होईल का?’ असे विचारतात. या शस्त्रक्रियेत 5 ते 10 मिलिमीटरची छिद्रे पाडून, कार्बन डायऑक्साइडने आत जागा करून, पोटाच्या कमकुवत भित्तीला आतून साधारण 15 बाय 10 सेंटिमीटरची जाळी लावली जाते. रुग्णाला वेदना कमी होतात. सर्जनला मात्र ती शिकणे अवघड जाते. सपाट पडद्यावर खोलीचा अंदाज येत नाही, स्पर्श फारसा जाणवत नाही आणि नावेच्या वल्ह्याप्रमाणे हात उजवीकडे नेला की उपकरणाचे टोक डावीकडे जाते.

ही उलटी हालचाल अंगवळणी पडावी म्हणून शिकाऊ डॉक्टर आधी बंद पेटीत सराव करतात. पेटीतल्या कॅमेऱ्याचे चित्र पाहत ते एका चिमट्याने खुंटीवरची रबरी वस्तू उचलतात, अधांतरीच दुसऱ्या चिमट्यात देतात आणि पलीकडच्या खुंटीवर ठेवतात. त्यानंतर हर्नियाच्या मॉडेलमध्ये गुंडाळलेली जाळी अरुंद जागेत उलगडायची असते. इथे घाई चालत नाही, कारण जाळीची खालची कड दुमडलेली राहिली तर हर्निया पुन्हा होऊ शकतो, आणि जाळी पक्की करणारी टाचणी चुकीच्या जागी बसली तर मोठी रक्तवाहिनी किंवा मज्जातंतू दुखावतो.

पेटीतले कौशल्य रुग्णाच्या उपयोगी पडते का, हे अमेरिकेतल्या मेयो क्लिनिक या रुग्णालयाच्या 2011 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीने तपासले. तीत 50 निवासी डॉक्टरांचे यादृच्छिक पद्धतीने दोन गट केले होते; एका गटाने ठरलेली पातळी गाठेपर्यंत मॉडेलवर सराव केला, दुसऱ्याने नेहमीचेच प्रशिक्षण घेतले. सराव केलेल्यांची शस्त्रक्रिया सरासरी साडेसहा मिनिटे लवकर झाली. त्याहून मोलाचे म्हणजे, त्यांच्या रुग्णांमध्ये गुंतागुंत कमी झाली.

माझ्या मते या चाचणीतला कळीचा भाग ‘ठरलेली पातळी गाठेपर्यंत’ हा आहे. नुसते तास भरल्याने हात तयार होतोच असे नाही. साधी पेटी तर वेबकॅम बसवून स्थानिक कारागिराकडूनही करून घेता येते; खरी गरज आहे ती शेजारी उभे राहून चुका दाखवणाऱ्या आणि पातळी गाठल्याशिवाय पुढे न सोडणाऱ्या ज्येष्ठ सर्जनच्या वेळेची, आणि तो वेळ वैद्यकीय महाविद्यालयाने त्यांच्या कामाच्या वेळापत्रकातच धरायला हवा.