फुकटची जागा आणि तिची किल्ली

दुरुस्तीला आणलेला लॅपटॉप आमच्या हातात देताना बरेच ग्राहक सांगून जातात, "पुसलं गेलं तरी चालेल, सगळं गूगल ड्राइव्हवर आहे." आम्ही तरीही विचारतो, की तिथली एखादी फाइल शेवटची कधी उघडून पाहिली होती? बहुतेकदा उत्तराआधी थोडी शांतता पसरते. हे पत्रक त्या शांततेसाठी आहे.

आधी चांगलं ते सांगतो. ऑनलाइन साठवणीच्या मोफत सेवा खरोखर कामाच्या आहेत आणि आम्ही स्वतः त्या रोज वापरतो. हार्ड डिस्क बसली, फोन पाण्यात पडला, तरी फाइल दुसऱ्या यंत्रावर जशीच्या तशी मिळते. जड फाइल मेलला जोडत बसण्यापेक्षा लिंक पाठवणं केव्हाही सोपं.

फुकट जागा मिळते तरी किती? ड्रॉपबॉक्स 2 जीबी देतं, वनड्राइव्ह आणि आयक्लाउड 5 जीबी, गूगल 15 जीबी. गूगलचे 15 जीबी एकट्या ड्राइव्हचे नाहीत, त्यात जीमेल आणि फोटोजही आले. 1 जून 2021 पर्यंत किंचित आकार कमी केलेले फोटो या हिशेबात धरले जात नसत. त्यानंतर चढवलेले धरले जातात. एक फोटो 4 एमबीचा धरला तर 15 जीबीत पावणेचार हजारच मावतात. त्यामुळे "ड्राइव्हवर तर काहीच नाही, मग जागा संपली कशी?" या तक्रारीचं मूळ सहसा फोटोंमध्ये सापडतं. जागा पूर्ण भरली की जीमेलवर नवी मेल येणंही थांबतं, आणि हे बहुतेकांच्या उशिरा लक्षात येतं.

आता खाजगीपणाचं. "फाइली एन्क्रिप्टेड आहेत" असं प्रत्येक सेवा सांगते आणि ते खोटं नसतं. जाता-येता आणि सर्व्हरवर पडून असतानाही त्या कुलूपबंद असतात. विचारायचं ते एवढंच, की किल्ली कुणाकडे आहे? नेहमीच्या मोफत सेवांमध्ये ती कंपनीकडे असते. त्यामुळेच पासवर्ड विसरलात तरी फाइली परत मिळतात, पीडीएफच्या आतला शब्दही शोधता येतो. आणि त्यामुळेच बेकायदा मजकूर हुडकणारी स्वयंचलित यंत्रणा तुमच्या फाइली तपासू शकते, न्यायालयाचा आदेश आला तर कंपनी त्या उघडून देऊ शकते. कुणी कर्मचारी बसून तुमचे फोटो चाळतो आहे, असं समजू नका. पण त्या कुलपाला दुसरी किल्ली आहे, हे मात्र विसरू नका.

किल्ली फक्त तुमच्याकडे राहील अशाही सोयी आहेत. मेगा ही सेवा त्याच पद्धतीने चालते. आयक्लाउडमध्ये डिसेंबर 2022 पासून 'अ‍ॅडव्हान्स्ड डेटा प्रोटेक्शन' आलं, पण ते आपणहून चालू करावं लागतं आणि प्रत्येक देशात मिळतंच असं नाही. सेवा बदलायची नसेल तर क्रिप्टोमेटर हे सॉफ्टवेअर वापरा. फाइल वर चढण्याआधीच ते तिला कुलूप लावतं. चार-दोनच कागद असतील तर सेव्हन-झिप या फाइलींचं गाठोडं बांधणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये पासवर्ड घालून चढवा, मात्र 'फाइलींची नावंही एन्क्रिप्ट करा' या चौकटीत खूण करायला चुकू नका. नाहीतर आतलं काही उघडलं नाही तरी 'वैद्यकीय अहवाल' हे नाव कुणालाही वाचता येतं. या वाटेला एक अट आहे: पासवर्ड आणि रिकव्हरी की (पासवर्ड विसरल्यास कामी येणारी राखीव किल्ली) दोन्ही हरवल्या तर फाइली गेल्या. आम्हालाही त्या उघडता येत नाहीत, आणि उघडून देतो म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

खरं सांगायचं तर आमच्या पाहण्यात गळती कंपनीकडून कमी, लिंकमधून जास्त होते. घाईत 'लिंक असलेला कोणीही' हा पर्याय निवडला जातो, काम होतं, लिंक मात्र तशीच उघडी राहते. ती पुढे कुणी कुणाला पाठवली, हे तुम्हाला कळत नाही. ओळखपत्र किंवा बँकेचा कागद पाठवायचा असेल तर समोरच्याचा मेल पत्ता टाकून, 'फक्त पाहता येईल' एवढीच परवानगी द्या. काम झालं की ती काढून घ्या. आज घरी गेल्यावर दहा मिनिटं काढून जुन्या शेअर केलेल्या फाइली पाहा. काहीतरी विसरलेलं निघेलच.

पासवर्डबद्दल एकच. ड्रॉपबॉक्सच्या एका कर्मचाऱ्याने दुसरीकडचाच पासवर्ड कामाच्या खात्यालाही वापरला होता, आणि तो चोरांच्या हाती लागला. 2012 मधल्या त्या चोरीचा आवाका 2016 मध्ये उघड झाला: 6.8 कोटींहून जास्त खात्यांचे मेल पत्ते आणि सांकेतिक रूपातले पासवर्ड. तेव्हा या खात्याचा पासवर्ड वेगळा ठेवा आणि दुहेरी पडताळणी चालू करा.

आणि सिंक, म्हणजे सगळ्या यंत्रांवर फाइली आपोआप सारख्या ठेवणं, हा बॅकअप नव्हे. जुना लॅपटॉप विकण्याआधी 'साफ' करताना सिंक होणारा फोल्डर डिलीट केला, तर तो फोनवरून आणि ऑनलाइनही जातो. गूगल ड्राइव्हच्या ट्रॅशमध्ये फाइल 30 दिवस राहते. त्यानंतर आमच्याकडे धावत येऊन उपयोग नसतो. दोन वर्षं न उघडलेलं गूगल खातं तर कंपनी आतल्या सगळ्यासकट काढून टाकू शकते. जानेवारी 2012 मध्ये अमेरिकी सरकारने मेगाअपलोड ही फाइली साठवणारी सेवा बंद पाडली, तेव्हा स्वतःच्या रीतसर फाइली ठेवणारेही बाहेर राहिले.

म्हणून लॅपटॉप आमच्याकडे देण्याआधी दोन कामं करून या. सगळं एका बाहेरच्या डिस्कवर उतरवा. मग दुसऱ्या कुठल्यातरी यंत्रावरून ऑनलाइन खात्यात शिरून चार फाइली उघडून बघा, फक्त नावं नकोत. जमत नसेल तर सांगा, आम्ही समोर बसून करून देऊ. पासवर्ड मात्र तुम्हीच टाकायचा, आम्ही मान फिरवतो.