मानसशास्त्रीय थरारपट (ग्रामीण विदर्भातील शिफारस व प्रदर्शन)

पात्राच्या मनःस्थितीतून ज्याचे रहस्य उभे राहते आणि पडद्यावरच्या घटनांवर कितपत विश्वास ठेवायचा हे जो प्रेक्षकावर सोडतो, असा चित्रपटप्रकार. खून, वेडसर पात्र किंवा पछाडलेले घर असले की चित्रपट या प्रकारात टाकण्याची काही सूचीकारांची रीत आहे. पण मग निम्मे भयपट आणि बहुतेक पोलिसपट यात येऊन बसतात. कथा कोणाच्या नजरेने दिसते आणि ती नजर भरवशाची आहे का, ही कसोटी जास्त कामाची.

प्रकाराचा उगम बहुधा रॉबर्ट वीने यांच्या ‘द कॅबिनेट ऑफ डॉ. कॅलिगरी’ (१९२०) या जर्मन मूकपटापर्यंत नेला जातो. त्याचा निवेदक स्वतःच मनोरुग्णालयातला रुग्ण असल्याचे शेवटी कळते. मूळ गोष्टीभोवती घातलेली निवेदनाची ही चौकट कोणाची, हा जुना वाद. पटकथाकार हान्स यानोविट्स यांच्या म्हणण्यानुसार ती त्यांच्या व सहलेखक कार्ल मायर यांच्या मनाविरुद्ध जोडली गेली. चित्रपट-समीक्षक झीगफ्रीड क्राकाउअर यांनी १९४७ च्या ग्रंथात हे ग्राह्य धरून त्यावर जर्मन समाजमनाविषयीचा सिद्धान्त रचला. पुढे याच चित्रपटातले नट वेर्नर क्राउस यांच्याकडची पटकथेची प्रत उजेडात आली. तिच्यातही चौकट आहे, मात्र तिथे नायक घरी आलेल्या पाहुण्यांना जुनी हकिगत सांगतो. तो रुग्ण नाही. चौकटीची कल्पना मूळची आणि कलाटणी नंतरची, हे मत त्यामुळे अधिक पटते. दुसरा प्रवाह रंगभूमीचा : नवरा बायकोला ती वेडी होत असल्याचे भासवतो, असे पॅट्रिक हॅमिल्टन यांचे ‘गॅस लाइट’ (१९३८) हे नाटक व त्यावरचे १९४० आणि १९४४ चे चित्रपट.

हिंदीत यश चोप्रा यांचा गाण्यांविना काढलेला ‘इत्तेफाक’ (१९६९) गुजराती नाटकावरून आला. मराठीत वसंत जोगळेकर यांचा ‘हा खेळ सावल्यांचा’ (१९७६) लोकप्रिय आहे, पण लक्षात राहिला तो गाण्यांमुळे.

दुर्लक्षित चित्रपटांत दोन नावे पुढे करावी लागतात. राम गोपाल वर्मा यांच्या ‘कौन’ (१९९९) मध्ये एक घर, पाऊस, तीन प्रमुख पात्रे आणि सुमारे दीड तासाची लांबी आहे. गाणे एकही नाही. अरुणा-विकास या दिग्दर्शक जोडीचा ‘गहराई’ (१९८०) त्याहून कमी पाहिला गेलेला. लेखनात विजय तेंडुलकरांचा सहभाग. श्रीराम लागू, अनंत नाग, पद्मिनी कोल्हापुरे यांच्या भूमिका. वडिलोपार्जित जमीन कारखान्यासाठी विकणाऱ्या, स्वतःला बुद्धिवादी समजणाऱ्या माणसाची मुलगी परक्या आवाजात बोलू लागते. जाणकार त्याला भयपटात घालतात, आणि निव्वळ घटना पाहिल्या तर ते बरोबरच आहे. मात्र शेतजमिनीचा व्यवहार आणि त्यातून घरात शिरलेला अपराधभाव हा त्याचा खरा कणा असल्याने या नोंदीत तो घेतला आहे. शेती विकलेल्या घरात तो वेगळाच पाहिला जातो.

अशा चित्रपटाची शिफारस करताना नाव, साल, लांबी, भाषा, गाणी आहेत की नाहीत आणि सुरुवात संथ आहे का, एवढे सांगितले की पुरते. ‘कौन’साठी ‘घरात एकटी बाई, बाहेर पाऊस, दारावर बेल’ इतके बस. ‘शेवटी मोठा धक्का आहे’ हे वाक्यही टाळावे, कारण प्रेक्षक पहिल्या दृश्यापासून तो धक्काच हुडकत बसतो. सर्वांत घातक म्हणजे ‘अमुक पिच्चरसारखाच हाय’ ही तुलना; शेवट सारखा असेल तर तो तिथेच फुटतो. गाणी नाहीत हे आधी सांगितले नाही, तर अर्ध्या तासात सतरंजीवरून लोक उठू लागतात. ‘गहराई’बाबत आणखी एक पथ्य आहे. गावात करणी-भानामतीच्या संशयावरून भांडण धुमसत असेल, तर तो त्या वस्तीत लावू नये. कोणीतरी तो पुरावा म्हणून वापरतो. जादूटोणाविरोधी कायदा राज्यात २०१३ पासून आहे, हे चित्रपटानंतरच्या चर्चेत जरूर सांगावे.

जत्रेतल्या टुरिंग टॉकीजला हा प्रकार कधी मानवला नाही. कारण तांत्रिक आहे. ३५ मिमी फिल्म मिनिटाला ९० फूट पळते, म्हणजे २,००० फुटांचे रीळ २२ मिनिटांत संपते. एकाच यंत्रावर खेळ चालला की दर रिळाला थांबा, आणि तंबूत गलका. ताण तेवढ्यातच उतरतो. मारधाडपटाला त्याने काही बिघडत नाही. पुढे व्हिडिओ भाड्याने आणून रात्रभर तीन-तीन चित्रपट पाहण्याच्या काळात असा चित्रपट लागला तरी बहुधा शेवटी, पेंगत्या डोळ्यांसमोर.

आता समाजमंदिरात किंवा पारासमोर प्रोजेक्टर लावला जातो. सोयाबीन निघाल्यानंतरचे, दिवाळी ते होळीचे दिवस सोयीचे; डिसेंबरात साडेसहापर्यंत काळोख होतो, मे महिन्यात पावणेआठ वाजतात. पौर्णिमेच्या आगेमागे उघड्यावर खेळ ठेवू नये, कारण या प्रकारातली निम्मी दृश्ये अंधारी असतात आणि चांदण्यात पांढऱ्या पडद्यावर काळा रंग राखाडी दिसतो. पडद्याच्या मागे काळे कापड लावले, तर कापडातून आरपार जाणारा व मागच्या भिंतीवरून परतणारा उजेड अडतो. स्पीकर पडद्याशेजारी, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर ठेवावेत. उंच टांगले की कुजबुजीतले संवाद डोक्यावरून जातात. लग्नाचा डीजे मागवू नये, त्याच्या ठोक्यात दार करकरल्याचा आवाज दबतो. जनरेटर घराच्या आडोशाला, प्रेक्षकांकडून वारा जिकडे वाहतो त्या बाजूला. मध्यंतर नकोच. वीज गेली तर चित्रपट तुटला तिथूनच न लावता तीन-चार मिनिटे मागून लावावा.