अध्यक्षपदापूर्वीची विधिमंडळीय कारकीर्द : कोकणातील नेते

राष्ट्रीय सभेचे (काँग्रेसचे) अध्यक्षपद मिळण्यापूर्वी नेत्यांनी प्रांतिक वा केंद्रीय कायदेमंडळात केलेले काम. कोकणकिनाऱ्यापुरता विचार केल्यास या नोंदीचा मुख्य विषय गोपाळ कृष्ण गोखले (१८६६–१९१५) हाच ठरतो. १९०५ च्या बनारस अधिवेशनाचे ते अध्यक्ष होते.

गोखल्यांच्या जन्मस्थळाविषयी जुन्या आणि नव्या लेखनात एकवाक्यता नाही. त्यांच्या हयातीत व त्यानंतर लगेच इंग्रजीत प्रसिद्ध झालेल्या काही चरित्र-टिपणांत जन्म कोल्हापूरचा दिला आहे, तर मराठी चरित्रकार ९ मे १८६६ रोजी कोतळूक येथे, बहुधा आजोळी, जन्म झाल्याचे सांगतात. घराण्याचे गाव म्हणून चिपळूणजवळच्या ताम्हनमळ्याचा उल्लेख येतो. वडिलांची नोकरी कागलला आणि शिक्षणाचा काही काळ कोल्हापुरात, यामुळे पहिला समज रूढ झाला असावा. बाळंतपणासाठी माहेरी जाण्याची रीत लक्षात घेता कोतळूकचा पक्ष अधिक ग्राह्य वाटतो. हे गाव कोणी चिपळूण तर कोणी गुहागर तालुक्यात दाखवतात. तो मात्र मतभेद नाही, तालुक्यांच्या फेररचनेचा परिणाम आहे.

ही कारकीर्द समजण्यासाठी कायदेमंडळांच्या रचनेविषयीच्या १८९२ च्या कायद्याची (इंडियन कौन्सिल्स ॲक्ट) घडण पाहावी लागते. त्या कायद्यात ‘निवडणूक’ हा शब्द कटाक्षाने टाळला होता. स्थानिक मंडळे, नगरपालिका, विद्यापीठ इत्यादींनी नाव सुचवायचे आणि सरकारने त्याची नेमणूक करायची, अशी पद्धत होती. व्हाइसरॉयच्या, म्हणजे केंद्रीय, कायदेमंडळात मुंबई इलाख्याच्या वाट्याला येणाऱ्या जागेसाठी नाव सुचवण्याचा अधिकार मुंबईच्या प्रांतिक कायदेमंडळाच्या (मुंबई मंडळाच्या) बिनसरकारी सभासदांना होता. हे मतदार हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच असल्याने प्रांतिक मंडळातील सहकाऱ्यांचा विश्वास हीच वरच्या मंडळाची पायरी ठरे. अंदाजपत्रकावर वर्षातून एकदा बोलता येई व प्रश्न विचारता येत. अंदाजपत्रकावर मतदान होत नसे आणि उपप्रश्नास मुभा नव्हती.

गोखले १८९९ मध्ये मुंबई मंडळावर गेले ते मध्य विभागातर्फे, म्हणजे घाटावरच्या जिल्ह्यांतर्फे. रत्नागिरी आणि कुलाबा हे जिल्हे तेव्हा बेळगाव, धारवाड यांच्याबरोबर दक्षिण विभागात मोडत. त्यामुळे ‘कोकणचे प्रतिनिधी’ असा त्यांचा उल्लेख काही ठिकाणी आढळतो तो जन्मभूमीपुरताच खरा मानावा. ऑगस्ट १९०१ मध्ये जमीन महसूल कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक चर्चेस आले. शेतकऱ्याचा जमीन विकण्याचा वा गहाण टाकण्याचा हक्क त्याने संकोचत होता. विधेयक लांबणीवर टाकण्याची सूचना फेटाळली गेल्यावर फिरोजशहा मेहतांसह जे सभासद सभागृहाबाहेर पडले त्यांत गोखले होते.

मेहतांनी सोडलेल्या जागेवर २० डिसेंबर १९०१ रोजी त्यांची केंद्रीय मंडळावर निवड झाली. अनेक संदर्भग्रंथ १९०२ हे वर्ष देतात. ते प्रत्यक्ष कामकाजाचे वर्ष म्हणून चालेल, निवडीचे म्हणून नव्हे. कलकत्त्यात २६ मार्च १९०२ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन अध्यक्षस्थानी असताना त्यांनी अंदाजपत्रकावर पहिले भाषण केले. सरकारी तिजोरीतील शिल्लक देशाच्या सुबत्तेची खूण नसून रुपयाचा विनिमयदर कृत्रिमरीत्या चढा ठेवल्याने आणि कर गरजेपेक्षा अधिक घेतल्याने ती उरते, हा त्यांचा मुख्य मुद्दा होता. मिठावरील कर कमी करावा, ही मागणी त्यातूनच येते. १८८८ पासून हा कर मणाला अडीच रुपये होता. किनाऱ्यावरच्या माणसाला त्याचा अर्थ निराळा समजावण्याची गरज नव्हती: मासे खारवण्याच्या सरकारी वाड्यात, कुंपणाच्या आत, बिनकराचे मीठ मिळे, तेच मीठ कुंपणाबाहेर घरच्या आमटीसाठी घ्यायचे तर पूर्ण कर भरावा लागे. १९०३ मध्ये कर दोन रुपयांवर आणि १९०५ मध्ये दीड रुपयावर आला. याचे सगळे श्रेय गोखल्यांच्या भाषणांना देण्याची प्रथा आहे. शिल्लक वाढत गेल्याने सरकारला कपात सोयीची झाली होती, हेही विसरता येत नाही.

सरकारी गुपितांविषयीचे दुरुस्ती विधेयक आणि १९०४ चा विद्यापीठ कायदा यांनाही त्यांनी विरोध केला. विद्यापीठ विधेयकावरील त्यांच्या दुरुस्त्या सरकारी बहुमतापुढे टिकल्या नाहीत. बनारसच्या अध्यक्षीय भाषणात त्यांनी मंडळांतील निर्वाचित सभासदांचे प्रमाण निम्म्यावर न्यावे आणि अंदाजपत्रके मंडळांकडून रीतसर मंजूर व्हावीत, अशी मागणी केली. कर्झनची औरंगजेबाशी केलेली तुलना सर्वत्र उद्धृत होते. सभागृहात चार वर्षे अंदाजपत्रकावर मताविना बसलेल्या माणसाचा अनुभव मात्र या मागणीत अधिक दिसतो.

रत्नागिरीत जन्मलेले लोकमान्य टिळक १८९५ मध्ये याच मध्य विभागातर्फे मुंबई मंडळावर गेले होते व १८९७ मध्ये पुन्हा निवडून आले. त्याच वर्षीच्या राजद्रोहाच्या खटल्याने ती कारकीर्द संपली. १९१८ च्या दिल्ली अधिवेशनासाठी त्यांची अध्यक्ष म्हणून निवड झाली, पण इंग्रज पत्रकार व्हॅलेंटाइन चिरोल यांच्यावरील बदनामीच्या खटल्यासाठी विलायतेस गेल्याने ते पद त्यांनी भूषवले नाही. अध्यक्षस्थानी मदनमोहन मालवीय होते.

‘अध्यक्ष’ हा शब्द सभागृहाच्या अध्यक्षासाठी घेतल्यास गणेश वासुदेव मावळंकर यांचाही समावेश करावा लागतो. घराणे रत्नागिरी जिल्ह्यातील मावळंगे गावचे, प्राथमिक शिक्षण काही काळ राजापुरास, कर्मभूमी अहमदाबाद. १९३७ पासून ते मुंबई विधानसभेचे अध्यक्ष होते. २४ जानेवारी १९४६ रोजी मध्यवर्ती विधानसभेच्या अध्यक्षपदासाठी मतदान झाले, तेव्हा सर कावसजी जहांगीर यांना ६३ आणि मावळंकरांना ६६ मते पडली.